दोन खुणा आणि एक नाव

शनिवारी रात्री जेवणानंतर मनोरंजन कक्षात जो खेळ चालतो, त्यावरून गेल्या पालकसभेत बरीच चर्चा झाली. खेळ साधा आहे. एका हाउसनं पुस्तकाचं, सिनेमाचं किंवा मालिकेचं नाव मनात धरायचं, एका ओळीची आडवळणी खूण द्यायची आणि समोरच्या हाउसनं दीड मिनिटात ते नाव ओळखायचं. काही पालकांचं म्हणणं असं, की एनडीएची परीक्षा तोंडावर असताना पोरांनी सिनेमाची नावं ओळखत बसावं हे बरं नाही. तेवढ्या वेळात गणिताची दहा उदाहरणं होतात. आमच्यातल्या काही उस्तादांचं मत उलटं: आठवडाभर पोरं राबतात, एक तास हसली-ओरडली तर काय बिघडलं? मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. एकाला हा खेळ निरुपयोगी वाटतो, दुसऱ्याला निरुपद्रवी. माझ्या मते तो फार उपयोगाचा आहे, आणि कसा खेळावा हे कळलं नाही तर थोडा घातकही.

मी सिग्नल्सचा माणूस. भरती झाल्यावर याच जबलपुरात सिग्नल ट्रेनिंग सेंटरला घडलो. पुढची सगळी नोकरी निरोप पोचवण्यात आणि तो भलत्याच्या कानावर पडू नये याची काळजी घेण्यात गेली. आमच्या कोअरचं ब्रीद 'तीव्र चौकस'. शनिवारचा गोंधळ ऐकताना मला हे दोन शब्द हटकून आठवतात. पोरं तीव्र आहेत यात शंका नाही. चौकस किती आहेत, ते पाहायला हवं.

आधी चांगली खूण म्हणजे काय ते बघू. 'हिरो उंच आहे, गाणी छान आहेत, ओळखा' ही खूण नव्हे. अशी शंभर नावं निघतील आणि मग भांडण. मोबाइलवर चार चित्रं लावून सिनेमा ओळखायला सांगतात, त्यातही बहुतेक वेळा नावाचं नुसतं शब्दाला शब्द चित्र असतं. डोक्याला ताण काहीच नाही. चांगल्या खुणेला दोन तोंडं असतात. वरवर वाचलं तर एक अर्थ लागतो आणि तो तुम्हाला भलतीकडे नेतो. नीट वाचलं तर दुसरा लागतो, आणि उत्तर सापडल्यावर 'अरे, हे तर समोरच होतं' असं वाटतं.

मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलानं दिलेली खूण अशी होती: यशोदेचं वर्णन, पण गाव कोकणातलं, दोन शब्द. सगळं हाउस गोकुळात जाऊन बसलं. कृष्णावरच्या जेवढ्या मालिका आठवल्या तेवढ्या सांगून झाल्या. उत्तर होतं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, आणि त्यावरचा आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदक मिळालं. खुणेत एकही शब्द खोटा नाही. यशोदा श्यामची आई होतीच. 'पण गाव कोकणातलं' एवढ्यानं तो पोरगा तुम्हाला गोकुळातून बाहेर बोलावत होता, कोणी ऐकलं नाही.

दुसरी खूण मी स्वतः दिली होती: गाण्यातला पहिला सूर, मग मनाला हाक, आणि सुरू होते लढत. पहिला सूर 'सा'. मनाला हाक मारताना आपण म्हणतो 'मना'. दोन्ही जोडा: 'सामना'. जब्बार पटेलांचा सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं, समोरासमोर श्रीराम लागू आणि निळू फुले. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांत अशी तोडजोड रोज असते आणि आपल्याकडे समज असा, की हे इंग्रजीतच जमतं. देवनागरीत तर ते जास्त चांगलं जमतं. आपली अक्षरं सुटी होतात, प्रत्यय वेगळे काढता येतात, संधी सोडवता येतो. व्याकरणाच्या तासाला जे विद्यार्थी झोपतात तेच शनिवारी संधिविग्रह करताना मी पाहिलेत. पालकांनी गणिताच्या दहा उदाहरणांच्या शेजारी हेही मांडावं.

हा खेळ काही परदेशातून आलेला नाही. आपल्याकडे गोंधळी लोकांची करपल्लवी आहे. यजमानानं एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगायचं. तो तोंडानं अवाक्षर न काढता हाताच्या आणि बोटांच्या खुणा करतो, आणि दूर उभा असलेला त्याचा जोडीदार ते नाव खणखणीत आवाजात सांगतो. डोळ्यांनी खुणावलं की ती नेत्रपल्लवी. आज आपण ज्याला डंब शराड्स म्हणतो, दोन तळवे उघडले की पुस्तक, कॅमेऱ्याचा दांडा फिरवला की सिनेमा, हवेत चौकोन काढला की टीव्ही, कानाला हात लावला की 'असंच ऐकू येतं', त्याचा हा फार कसलेला भाऊबंद. फरक एवढाच, की गोंधळ्यांच्या खुणांना ठरलेली लिपी असते आणि ती वर्षानुवर्षं शिकावी लागते. आपली पोरं जागच्या जागी लिपी तयार करतात. त्यामुळे आपल्या खुणा पटकन कळतात. समोर बसलेल्या सगळ्यांनाच कळतात, ही त्यातली खोच.

जबलपूरच्या इतिहासातही याचा एक काळा धागा आहे. विल्यम स्लीमननं ठगांविरुद्धची मोहीम चालवली तिचं मोठं ठाणं हेच शहर. कटनीकडे जाताना लागणारं स्लीमनाबाद त्याच्याच नावाचं. पकडलेल्या, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडून त्यानं त्यांच्या सांकेतिक बोलीचे शब्द गोळा केले आणि १८३६ साली ते पुस्तकरूपानं कलकत्त्याहून छापले. वाटसरूंबरोबर गप्पा मारत बसलेल्या टोळीत कोणी सहज तंबाखू मागितली, की तो गळा आवळण्याचा इशारा असे, असं त्या काळच्या जबान्यांवरून सांगतात. ऐकणाऱ्याला तंबाखू ऐकू येई, जाणणाऱ्याला हुकूम. पण एकदा शब्दसंग्रह छापला गेल्यावर त्या बोलीचं मोल उरलं नाही. सांकेतिक भाषेचं आयुष्य हे असंच असतं.

मराठी माणसाला मात्र या बाबतीत एकच उदाहरण आठवायला हवं, आणि तेही इथून फार लांबचं नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघालेले, नर्मदा ओलांडून भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशेला पोचलेले. तिथे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सावकाराचा जासूद पत्र घेऊन दक्षिणेकडे जाताना हाती लागला. पत्रात लढाईचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. मजकूर व्यापाऱ्याचा: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती बुडाला त्याचा हिशेब लागत नाही. पेशव्यांना उलगडा करून सांगायला कोणी लागलं नाही. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. बाकीचं सैन्य. भाऊ त्यांचा चुलतभाऊ आणि विश्वासराव पोटचा मुलगा. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेब गेले.

या पत्राकडे आपण नेहमी हळहळ म्हणून पाहतो. सिग्नल्सवाल्याच्या नजरेनं एकदा पाहा. सावकारानं मजकूर झाकला कोणापासून? वाटेतल्या पोटार्थी लुटारूपासून, चौकीवरच्या शिपायापासून. पण त्या जानेवारीत उत्तरेत मराठ्यांची फौज कोण घेऊन गेलंय हे ज्याला ठाऊक होतं, त्याच्यापासून काहीही झाकलं गेलं नाही. हाच निरोप नानासाहेबांऐवजी निजामाच्या कारभाऱ्याच्या हाती पडला असता तरी त्यालाही तेवढाच वेळ लागला असता. खूण अडाण्यापासून लपवते, जाणकारापासून नाही. आणि शत्रू जाणकार असतो, कारण तुम्हाला जाणणं हाच त्याचा धंदा.

म्हणून मी म्हणतो, की हा खेळ सैनिकी शाळेत खेळायलाच हवा. नाव लपवायला बसल्यावर मुलाला कळतं, की लपवणं किती कठीण आहे. आपण मोठी हुशारीची खूण काढली म्हणून तो खूश असतो, आणि समोरच्या बाकावरचा कोणी अर्ध्या वाक्यात उत्तर फेकतो. का? कारण दोघांनी गेल्या आठवड्यात एकच सिनेमा पाहिला होता. हा धडा वर्गात फळ्यावर लिहून पोचत नाही.

दुसऱ्या महायुद्धात याचे दोन्ही प्रकार झाले. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'नं बारा मिनिटांत शब्दकोडं सोडवायची स्पर्धा घेतली. सोडवणाऱ्यांतल्या काहींना पुढे लष्कराकडून पत्रं गेली आणि ते ब्लेचली पार्कला जर्मन संकेत फोडायच्या कामाला लागले. ही गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते. त्याच वर्तमानपत्राची दुसरी गोष्ट कमी सांगतात. मे १९४४ मध्ये, नॉर्मंडीवरच्या चढाईच्या आधी, त्याच्या कोड्यांच्या उत्तरांत एकामागून एक शब्द आले: यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि १ जूनला नेपच्यून. सगळे त्या चढाईचे गुप्त शब्द. कोडी रचणारे लिओनार्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची कसून चौकशी झाली. हेरगिरी काही सापडली नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं, की सर आम्हा मुलांकडून कोड्यासाठी शब्द घ्यायचे आणि आम्ही शेजारच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द त्यांना द्यायचो. त्याची आठवण कितपत पक्की, यावर वाद घालता येईल. माझ्या दृष्टीनं त्यात अशक्य काहीच नाही. छावणीच्या आसपास खेळणारी पोरं काय काय ऐकतात, हे जबलपूरच्या कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्याला विचारा.

नाव देणाऱ्याची जबाबदारी किती मोठी, याचं आणखी एक उदाहरण कॅडेटांना नेहमी सांगतो. १९४० मध्ये इंग्लंडवर रात्री बॉम्ब टाकायला येणारी जर्मन विमानं रेडिओच्या किरणांवरून वाट काढत. पकडलेल्या संदेशांत 'वोटान' असं एक नाव आलं. आर. व्ही. जोन्स या हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागातल्या शास्त्रज्ञानं जर्मन वाङ्मयाच्या एका जाणकाराला विचारलं, हा वोटान कोण? उत्तर आलं: जर्मन पुराणातला देव, एकाच डोळ्याचा. एक डोळा म्हणजे एकच किरण, असा जोन्सनं तर्क केला, आणि एका किरणावर चालणारी यंत्रणा खरोखरच निघाली. टाळ्या वाजवायच्या आधी पुढचं ऐका. जर्मनांनी वोटान हेच नाव, पुढे आकडा लावून, अनेक किरणांवर चालणाऱ्या एका यंत्रणेलाही दिलेलं होतं. म्हणजे उत्तर बरोबर आलं, त्याची वाट मात्र कच्ची होती. जोन्सचं कौतुक मला दुसऱ्या गोष्टीचं आहे: नुसत्या नावावर तो थांबला नाही, पुढचे पुरावे शोधत राहिला. शनिवारी आमच्याकडे उत्तर बरोबर आलं की लगेच गुण देतात. ते बंद करावं. उत्तराबरोबर खुणेतला प्रत्येक शब्द कुठे बसतो हे सांगता आलं तरच गुण द्यावेत, नाहीतर तो नुसता तुक्का.

चर्चिलनं १९४३ मध्ये लेखी सूचनाच काढली होती, की मोहिमेच्या नावावरून मोहिमेचं स्वरूप कळता कामा नये. आपल्याकडे एप्रिल १९८४ मध्ये सियाचिनवर गेलेल्या मोहिमेचं नाव 'मेघदूत'. फार सुंदर नाव. पण कालिदासाचा मेघ रामगिरीहून, म्हणजे आपल्या नागपूर-जबलपूर रस्त्याजवळच्या रामटेकहून निघतो असं मानतात, आणि हिमालयात कैलासाजवळ जातो. आमच्या शनिवारच्या पोरांना ते नाव आधी कानावर पडलं असतं, तर निदान दिशा तरी त्यांनी सांगितली असती! हे मी थोडं गमतीनं म्हणतोय, थोडंच.

आता पालकांशी बोलायचं आहे.

तुमची मुलं उद्या युनिटमध्ये जातील. काहींची मोठी मुलं आजच तिथे आहेत. फोनवर त्यांना ठिकाण सांगायची परवानगी नसते आणि ती सांगतही नाहीत. पण आईला काळजी असते, मुलाला ती कळते आणि मग सुरू होतो तोच शनिवारचा खेळ. 'आई, इथे सफरचंद अगदी स्वस्त.' 'नळातलं पाणी सकाळी गोठलेलं असतं.' 'आबांना सांग, त्यांची बदली होती ना, त्याच्या जरा पुढे.' आई ओळखते. ओळखलं म्हणून तिला बरं वाटतं. संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर मुलाचा फोटो येतो, मागे पूल किंवा कमान, खाली 'माझा वाघ बर्फात'. आत्याबाई खाली लिहितात, सुट्टी पंधरा तारखेपासून ना? वहिनी लिहितात, आमच्या ह्यांचीही युनिट तिकडेच चालली. प्रत्येकीनं एकेकच खूण दिली आहे आणि प्रत्येकीला वाटतं, आपण काहीच सांगितलं नाही.

आमच्याकडे सिग्नल्समध्ये घरगुती संकेतांना सक्त मनाई असते. वायरलेसवर संदेश साध्या भाषेत द्या किंवा ठरलेल्या संकेतात द्या. दोघांना माहीत असलेल्या जुन्या आठवणी, टोपणनावं, सिनेमातले संवाद यांच्या आडोशानं बोलू नका. नव्या मुलांना हा नियम जाचक वाटतो. त्यांना वाटतं, 'आपलं आपल्याला कळलं, ऐकणाऱ्याला काय कळणार?' ज्यानं चार शनिवार समोरच्या हाउसला आपली अवघड खूण फोडताना पाहिलं आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. निदान माझा अनुभव तसा आहे.

तेव्हा खेळ बंद करू नका, पण तो बदलायला हवा. मोबाइल बाहेर ठेवावेत; हे सांगायलाही नको. प्रत्येक फेरीत खूण देणाऱ्यानं ती स्वतः रचलेली असावी. आणि तीन नावांपैकी एक नाव पुस्तकाचं असावं, तेही खूण देणाऱ्यानं वाचलेल्या पुस्तकाचं. या शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त कुरकुर होणार, मला ठाऊक आहे. सिनेमांची नावं पोरांना तोंडपाठ आहेत. मराठी पुस्तकाचं नाव निघालं, की जबलपुरात, खमरियात, रांझीत वाढलेली आपली मराठी घरातली मुलंसुद्धा गप्प बसतात. त्यांना खूण कळत नाही असं नव्हे. उत्तरच डोक्यात नसतं, तर खूण कशाला जाऊन भिडणार? नानासाहेबांना दोन मोती कळले, कारण घरची माणसं माहीत होती. ग्रंथालयातल्या मराठी कपाटाची किल्ली ग्रंथपालांकडे आहे आणि ती मागायला फारसं कोणी येत नाही. घरी सुट्टीत आलेल्या मुलाच्या हातात पालकांनी एक पुस्तक दिलं तर गणिताचं काही नुकसान होणार नाही.

उस्तादांनाही एक विनंती. हा खेळ जिथे खेळायचा तिथेच खेळा. परेडवर, रेंजवर, नकाशावाचनाच्या तासाला हुकमाला एकच अर्थ असला पाहिजे. तिथे आडवळणानं बोलणाऱ्या कॅडेटला दोन फेऱ्या जास्त मारायला लावा, माझी हरकत नाही.

पुढच्या शनिवारसाठी चार खुणा देऊन ठेवतो. पहिली, पुस्तक: युद्ध आणि घरापुढची मोकळी जागा एकत्र केली, पण गोष्ट घडते बोटीवर. दुसरी, पुस्तक: दोन मैलांच्या पुढे द्वितीयेचा प्रत्यय लावा, आत किडा झोपलेला सापडेल. तिसरी, दूरदर्शनची मालिका: पोरांच्या खिशात पुष्कळ असतात, टीव्हीवर मात्र एकच होता. चौथी, हिंदी सिनेमा: साडीला असते, देशालाही असते, १९७१ ची एक रात्र.

उत्तरं कागदावर लिहून, आपलं नाव आणि हाउस घालून, ग्रंथालयाबाहेरच्या मराठी पानाच्या पेटीत टाकावीत. प्रत्येक उत्तराखाली खुणेतला कोणता शब्द कुठे बसला, ते लिहिलेलं असावं.